मदत हवी आहे: बिनवासाचा, तब्येतीला बरा रंग कोणता? (नागपूर, घाई आहे)

बेसावाली
बेशाला घर बांधतोय. राखेच्या विटा, सोलर, पावसाचं पाणी बोअरमध्ये, जमेल तेवढं सगळं केलं. आता रंगावर अडलंय. लेकाला दमा आहे. पेंटर म्हणतो, "ताई, बिनवासाचा मारून देतो." हे म्हणतात चुना. सोमवारी काम सुरू. एकच नाव सांगा.

निळीची_पुडी
चुना. डोळे मिटून चुना. महालातल्या आमच्या वाड्यात आजोबा दिवाळीआधी पिंपात कळीचा चुना भिजवायचे. नुसता खदखदायचा, आम्हाला जवळ फिरकू देत नसत. मग चिमूटभर नीळ, थोडा डिंक, की पोतारा तयार. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, बुरशी सहसा धरत नाही.

दोन_हात
डोळे मिटून नको, चष्मा लावून मारा. शिंतोडा डोळ्यात गेला की काय होतं ते मी भोगलंय. ताई, भिंतीवर पुट्टी झाली का?

बेसावाली
हो, दोन हात झालेत. ते तर सगळेच करतात ना?

दोन_हात
इथंच चुना बाद झाला. तो उघड्या प्लास्टरमध्ये शिरून बसतो. गुळगुळीत पुट्टीवर नीट धरत नाही, हात फिरवला की तळवा पांढरा. तुम्ही पाण्यातलं इमल्शन घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात व्हीओसीचा, म्हणजे रंगातून हवेत उडणाऱ्या रसायनांचा, आकडा बघा. ग्रीन बिल्डिंगवाले मॅट रंगाला लिटरमागे ५० ग्रॅम ही हद्द धरतात. वास नाही म्हणजे व्हीओसी नाही, असं नसतं. गडद शेड घेतलीत तर दुकानातल्या मशीनमधून जो रंग डब्यात पडतो, त्यातूनही व्हीओसी वाढू शकतो. आणि प्रायमरही पाण्यातलाच. सांगितलं नाही तर पेंटर टर्पेंटाइनचा घेऊन येईल.

निळीची_पुडी
पुट्टी खरवडता येते.

दोन_हात
येते. मजुरी तुम्ही देता काय?

गोठ्यावरून
अरे राजेहो, शेणाचा रंग कोणी सांगतच नाही! खादीचा प्राकृतिक पेंट, जानेवारी २०२१ मध्ये आपल्या गडकरींनीच आणला. तेव्हा डिस्टेंपर १२० रुपये लिटर होता, इमल्शन २२५. आमच्या गोठ्याच्या खोलीले मारला, दोन उन्हाळे झाले, काई नाही झालं.

दोन_हात
गोठ्याले चालला म्हणजे दम्याच्या पोराच्या खोलीले चालते काय बापा? आकडा त्याचाही विचाराच.

नवतपा
रंगाचं सोडा, गच्चीवर पांढरा मारा. मे महिन्यात वरची खोली भट्टी होते. आम्ही मारला, रात्री अकराला पंख्याची हवा जरा तरी हवा वाटते.

गोठ्यावरून
विचारलं काय, सांगून काय राहिले!

कपाटवाली_काकू
मुलाच्या खोलीत कूलर लागणार का? आणि फर्निचर झालं का?

बेसावाली
कूलर पश्चिमेच्या खिडकीत. कपाटं परवाच पॉलिश झाली, म्हणून तर रंगाचं मनात आलं. खोलीत गेलं की अजून डोळे चुरचुरतात.

कपाटवाली_काकू
अगं बाई, मग वास भिंतीचा नाहीच! पॉलिशमधलं थिनर असतंच, आणि प्लायच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड निघतं, डोळ्यांना झोंबणारा वायू. प्लाय ई-झिरो का ई-वन, ते बिलावर बघ; हा वायू किती निघतो त्याची ती प्रत, झिरोत कमी. कपाटाची दारं, खण, खिडक्या दिवसभर उघड्या टाक. कूलर लावशील तेव्हा समोरची खिडकी उघडी हवी. खोली बंद राहिली की कोपऱ्यात काळी बुरशी येते, मग भिंतीवर चुना असो की शेण. राहायला कधी जाताय?

बेसावाली
२१ तारखेला वास्तू. पत्रिका वाटून झाल्यात.

कपाटवाली_काकू
पूजा करा. पोराला तिथं झोपवू नका लगेच.

निळीची_पुडी
वास्तूला वडाभात आहे का?

बेसावाली
आहे. लेक महिनाभर प्रतापनगरला आजीकडे झोपेल. पेंटरला म्हटलं, रंग आणण्याआधी व्हीओसीचा आकडा विचारून ये. म्हणाला, "ताई, डब्यावर एकच आकडा असतो, भावाचा."