'द ब्रॉडवे मेलडी' (१९२९) : ऑस्कर मिळालेला सगळ्यात टाकाऊ चित्रपट? मला नाही पटत

तिसरी घंटा (धागाकर्ती)

ऑस्कर मिळालेल्या चित्रपटांची क्रमवारी कुणीही लावली, की 'द ब्रॉडवे मेलडी' तळाशी जातो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा हा पहिला बोलपट. संथ, जुनाट, एवढं म्हणून लोक मोकळे होतात. परवा दुसऱ्यांदा पाहिला आणि लिहिल्यावाचून राहवेना.

हँक आणि क्वीनी या महोनी भगिनी. व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे एकाच तिकिटात गाणं, नाच, नकला, कसरती असे सुटे प्रवेश दाखवणाऱ्या खेळांत, दोघींची जोडी गावोगाव फिरलेली. हँकचा होणारा नवरा एडी न्यूयॉर्कमध्ये गाणी लिहितो. त्याच्या भरवशावर दोघी ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या नाटकगृहांच्या रस्त्यावर, येतात आणि पहिल्याच चाचणीत त्यांचा प्रवेश पडतो. निर्मात्याला हवी असते फक्त देखणी क्वीनी. ती हँकच्या नकळत विनवते, हिलाही घ्या. पुढे तालमीत जहाजाच्या देखाव्यावरून एक मुलगी खाली पडते आणि तिच्या जागी क्वीनीला चढवतात. नुसतं उभं राहायचं, तरी ती सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. नाचून नाचून पाय झिजवलेली हँक बाजूला.

आणि तो शेवटाकडचा रंगपटातला प्रसंग! एडीचा जीव क्वीनीवर जडलाय हे हँकला उमगतं. माझं तुझ्यावर प्रेम नव्हतंच, असं खोटं बोलून ती त्याला क्वीनीकडे धाडते. मग आरशापुढे बसते, तोंडाला क्रीम फासते, रडते, रडता रडता हसते, परत रडते. तेवढ्यात फोन उचलून नव्या दौऱ्याचं बोलणंही करते. हँक झालेल्या बेसी लव्हनं हे जे केलंय, त्यासाठी ऑस्करच्या यादीत तिचं नाव आलं ते उगीच नाही.

रीळवेडा

बेसी लव्हबद्दल दुमत नाही. पण एका प्रसंगावर चित्रपट तरत नाही. बाकी वेळ कॅमेरा खिळा ठोकल्यासारखा एका जागी, पात्रं एका ओळीत उभी, एकाचं वाक्य संपेपर्यंत दुसरा ताटकळलेला. नाचही लांबून दाखवतात, पाय दिसतात पण अंगात ताल येत नाही. त्याच सुमाराचे मूकपट पाहा, कॅमेरा कसा वाहत असायचा! आवाज आला आणि चित्रपट दहा वर्षं मागे गेला, त्याचं हे उदाहरण.

माजघर

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. हँकशी लग्न ठरलेलं असताना एडी तिच्याच बहिणीकडे वळतो आणि चित्रपट त्याला बक्षीस देतो. त्याग मोठ्या बहिणीनं करायचा, संसार त्यानं थाटायचा. शिवाय या बहिणींचे जेड काका बोलताना अडखळतात यावर विनोद केलेत. माझा सख्खा भाऊ लहानपणी असाच अडखळायचा. मला ते बघवलं नाही, आणि 'काळच तसा होता' हे उत्तर मला पुरत नाही.

ध्वनिपट्टी

रीळवेडा, कॅमेरा जागचा हलत नसे कारण त्याच्या घरघरीमुळे तो आवाजबंद खोक्यात कोंडावा लागे. पण आवाजाच्या बाजूनं पाहा. सुरुवातीला गाण्यांच्या प्रकाशकाच्या दुकानात एकाच वेळी चार ठिकाणी वाजवणं-गाणं चाललेलं, तो कल्लोळ १९२९मध्ये ऐकणाऱ्यांचं काय झालं असेल! दुसरं, 'वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल' हा नाच पसंत न पडल्यानं पुन्हा चित्रित करायचा ठरला, तेव्हा स्टुडिओच्या ध्वनिविभागाचा प्रमुख डग्लस शिअररनं सुचवलं की वाद्यवृंद परत कशाला, आधीचा ध्वनी वाजवा आणि त्यावर नाचू द्या. आपल्याकडे १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त नट चित्रीकरणातच गात होते. आधी ध्वनिमुद्रण, मग त्यावर चित्रण, या रीतीचं पार्श्वगायन आलं १९३५च्या 'धूप छाँव'पासून. पाऊण शतकाहून अधिक काळ त्यावर पोसलेल्या आपल्या कानांनी तरी या नाचाला हलकं म्हणू नये. मुळात तो रंगीत होता. आज कृष्णधवलच उरलाय, याची हळहळ वाटते.

तिसरी घंटा

माजघर, जेड काकांबाबत मी वाद घालणार नाही, तुमचंच खरं. एडीही मला आवडत नाही. पण हँक त्याग करून कोपऱ्यात बसत नाही. दौरा ठरवते, नवी जोडीदारीण घेते. शेवटी बहिणीच्या घरून निघून ती टॅक्सीत बसते आणि डोळे ओले असतानाच धंद्याचं बोलायला लागते. क्वीनीनं रंगभूमी सोडली. हँकनं नाही. माझ्या लेखी तीच नायिका.

माजघर

टॅक्सीचा प्रसंग विसरले होते. तो पुन्हा पाहते. एडीला मात्र माफी नाही.

रीळवेडा

खोक्याचं कारण कळलं. तरी ताटकळणारी वाक्यं त्या खोक्यामुळे आलेली नाहीत, ती दिग्दर्शकाची चूक. मत बदललेलं नाही. दुकानाचा प्रसंग मात्र आज रात्री डोळे मिटून ऐकणार आहे.