मदत हवी आहे: काकांच्या स्वरलिपीच्या वह्या आणि स्पूल टेप

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. आमचे काका इथल्या आकाशवाणीसाठी, म्हणजे आपल्या मालवा हाउससाठी, चाली बांधायचे. दोन सिनेमांचं पार्श्वसंगीतही त्यांनी केलं. ते गेल्यावर त्यांची लोखंडी पेटी माझ्याकडे आली; या वह्या, सुटे कागद आणि टेप त्यातच आहेत.

खरी अडचण लिपीची. बरीच पानं भातखंडे पद्धतीची, म्हणजे आपलं हिंदुस्थानी संगीत लिहायच्या पद्धतीची, आहेत: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुलीची खूण. ती मी वाचते. पण मध्येच व्हायोलिनसाठी पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) येतं आणि कडेला पेन्सिलीने सेकंद मांडलेत, बहुधा दृश्याची लांबी. इंदूर-देवासकडे दोन्ही वाचणारं कोणी आहे का?

स्पूल टेप (रिळावर गुंडाळलेल्या ध्वनिफिती) ११ आहेत. त्यातल्या तीन टेपना व्हिनेगरसारखा वास येतोय, म्हणजे पट्टीचं अ‍ॅसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) कुजायला लागलंय. एक ओळखीचे म्हणाले, "आणा, माझ्या जुन्या मशीनवर लावून बघू." टेप खराब होतील या भीतीने मी दिल्या नाहीत. खात्रीचा माणूस सुचवा.

गंजलेल्या टाचण्या काढल्यात, पण काकांनी बांधलेल्या जुड्यांचा क्रम मोडलेला नाही. (लॅमिनेशनचा सल्ला कृपया नको!)

सिनेमाचे कागद पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारावेत असं मनात आहे. पण मग रेडिओच्या वह्यांचं काय? संग्रह फोडायला काकू तयार नाहीत, आणि मलाही ते पटत नाही. शिवाय निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो, तर देताना कागदावर नेमकं काय लिहून घ्यावं? कोणी असा संग्रह दिला असेल तर सांगा.