मदत हवी आहे: पतंगाच्या कमानी एकसारख्या सोलायला घरगुती अवजार कसं बनवायचं?

गच्चीवरून

नमस्कार मंडळी. संक्रांतीआधी वस्तीतल्या मुलांसाठी पंचवीसेक पतंग घरी बनवायचे आहेत. कागद ४० सेंमी चौरस, उभी काडी ५७ सेंमी, कमान (आडवी, वाकवून लावायची काडी) साधारण ६८ सेंमी. बांबू बुरडाकडचा, मानवेल जातीचा. नागपूरच्या जुनी शुक्रवारीत कागद, सद्दी (साधा सुती दोरा), चक्री सगळं मिळतं, पण काड्या एका जाडीच्या सोलायला हाताशी फक्त सुरी आहे.

अडचणी अशा:
१) बांबू चिरताना चीर मधेच एका अंगाला पळून राहिली, काडी अर्ध्यातच निमुळती होते.
२) सोलताना जाडी कुठे दीड मिमी, कुठे अडीच.
३) दिसायला सारख्या कमानी लावूनही काही पतंग सतत डावीकडे किंवा उजवीकडे ओढतात.

कटरची दोन पाती अडीच मिमी अंतरावर लाकडात बसवून त्यातून काडी ओढली तर जमेल का? घरी ड्रिल, करवत, कानस आहे. विकतचं महागडं यंत्र नको.

---

लाकूडकाम_इतवारी

दोन पात्यांचं अवजार काड्यांसाठी करू नका. बांबूचे तंतू सरळ रेषेत नसतात, गाठीजवळ तर हमखास वळतात. पक्की बसवलेली पाती तंतूंची वाट बघत नाहीत, त्यांना आडवं कापून पुढे जातात. काडी दिसते छान सरळ, पण जिथे तंतू तुटला तिथेच ती पहिल्या खेचेला मोडते. रुंदीसाठी चिरायचं, जाडीसाठी खरवडायचं. ही दोन कामं वेगळी ठेवा.

आधी चिरणं. नेहमी बरोबर मधोमध: एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. कडेची बारीक पट्टी सरळ काढायला गेलं की चीर पातळ बाजूकडे पळते, कारण पातळ बाजू जास्त वाकते. चीर सरकताना दिसली की थांबा आणि जाड बाजू हाताने जास्त वाकवा, पातळ बाजू सरळ धरा. चीर परत मधे येते. सुरी फक्त तोंड उघडायला. पुढचं काम दोन्ही हातांनी फाकवून होतं.

आता खरवडणी. सामान:
– सागवान किंवा बाभळीचा ठोकळा, १५ × ६ × २.५ सेंमी
– ३ मिमी अॅक्रिलिकच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी १० × २ सेंमी (पाट्या बनवणाऱ्यांकडे कात्रण मिळतं)
– लोखंडी एल पट्टीचे दोन तुकडे, ५ सेंमी लांब
– १८ मिमी रुंद कटरचं नवं पातं
– ४ मिमीचे बोल्ट-नट चार

लोखंडी सामान लोहाओळीत एका फेरीत मिळेल.

ठोकळ्यावर दोन्ही अॅक्रिलिक पट्ट्या शेजारी ठेवून मधे ४ मिमी फट सोडा आणि चिकटवा. ही फट म्हणजे काडीची नाली. पातं नालीवर आडवं, धार खाली, दोन्ही पट्ट्यांवर नीट टेकलेलं. दोन एल पट्ट्यांनी ते पुढून-मागून आवळा आणि त्याच पट्ट्या बोल्टने ठोकळ्याला बसवा. पातं उभंच हवं, फार तर वरून ओढायच्या उलट दिशेला किंचित झुकलेलं. रंध्यासारखं तिरपं लावलं तर धार तंतूंत घुसते आणि आख्खं ढलपं निघतं.

एल पट्ट्यांच्या खाली पातं जास्तीत जास्त २ मिमी बाहेर दिसू द्या. जास्त बाहेर राहिलं की थरथरतं आणि काडीवर आडव्या लाटा उमटतात.

आता पातं ३ मिमीवर आहे. जाडी कमी करायला पातं हलवायचं नाही, नालीत काडीखाली साध्या झेरॉक्स कागदाच्या पट्ट्या सरकवायच्या. ८० जीएसएमचा एक कागद सुमारे ०.१ मिमी भरतो. म्हणजे १० कागद घातले की २ मिमीची काडी. एका वेळी एकच कागद वाढवायचा आणि दोनदा ओढायचं. तीन कागद एकदम घातले तर पातं अडकतं, मग जोर लागतो, मग काडी तुटते.

पाठ, म्हणजे सालीची बाजू, खाली कागदावर. पोटाची बाजू पात्याकडे. बांबूची ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते, पोटाकडचा गर नुसतं वजन. सालीला हात लावायचा तो फक्त गाठीचा उंचवटा कानसेने बसवण्यापुरता. तो आधीच बसवा, नाहीतर नालीत गाठ उचलली जाऊन तिथे काडी पातळ होते. रुंदी सारखी करायची तर काडी नालीत कडेवर उभी करा, याच अवजारात होते.

ठोकळा टेबलाला क्लॅम्पने पक्का करा. बांबूची कड पात्याइतकीच कापते, ओढणाऱ्या हातात जाड हातमोजा हवाच.

---

आठवा_मैल

वरची खरवडणी उत्तम, पण भाऊ, तुमचा तिसरा प्रश्न तिने सुटणार नाही. माझ्या मते पतंगासाठी जाडी मोजणं दुय्यम, वाक मोजणं मुख्य. काडीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २ मिमीची काडी १.८ मिमी झाली की जाडी दहा टक्केच घटते, ताठपणा मात्र सत्तावीस टक्के. वर गाठ कुठे आली, पोटाचा गर किती राहिला, यानेही फरक पडतो. म्हणून जाडी बरोबर असलेल्या दोन काड्या सारख्या वाकतीलच असं नाही.

वाकमापणीची फळी बनवायला सामान जवळपास शून्य: ८० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद प्लायवूड, दोन लहान लाकडी गुटके, एक विंग नटचा बोल्ट, आलेख कागद. फळी भिंतीला टेकवून उभी करा. वरच्या बाजूला बरोबर मध्यावर दोन गुटक्यांमधे कमानीचे मधले ४ सेंमी घट्ट पकडा. दोन्ही टोकं मोकळी. मागे आलेख कागद चिकटवलेला.

पाच रुपयांची दोन नाणी घ्या, मात्र एकाच छापाची. वेगवेगळ्या मालिकांतल्या पाचच्या नाण्यांचं वजन सारखं नाही. प्रत्येक नाणं चिकटपट्टीने दोऱ्याला लावा आणि मध्यापासून ३२ सेंमीवर दोन्हीकडे एकेक टांगा. तुमच्या मापाची कमान, मध्यावर २.५ × २ मिमी आणि टोकाकडे निमुळती, साधारण दोन ते तीन सेंमी खाली येईल. आकड्यापेक्षा दोन बाजूंतला फरक बघा. २ मिमीपर्यंत चालतो. त्याहून जास्त असेल तर कमी वाकणारी बाजू पोटाकडून १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मध्यापासून टोकाकडे, पाच-सहा हात, आणि परत टांगून बघा. जास्त वाकणाऱ्या बाजूला काही करता येत नाही, तिथे बांबू परत लावता येत नाही.

पतंग ओढण्याचं कारण बहुतेक इथेच असतं. मऊ अंग वाऱ्यात जास्त मागे जातं, तिकडचा आधार कमी होतो आणि पतंग त्याच बाजूला कलतो. उलट बाजूला कागदाचा तुकडा चिकटवून तात्पुरतं भागतं, पण वारा वाढला की वाकातला फरकही वाढतो आणि तोच त्रास परत.

कमान निवडताना गाठी बघा. एकच गाठ असेल तर ती बरोबर मध्यावर येऊ द्या, दोन असतील तर मध्यापासून सारख्या अंतरावर. एका अंगाला गाठ आणि दुसरं अंग साफ, अशी काडी उभ्या काडीसाठी ठेवा.

---

कन्नी_आणि_लई

या दोघांनी काड्यांचं सांगितलं, राहिलेलं मी सांगते.

कन्नीसाठी, म्हणजे उडवायचा दोर जिथे जोडतात त्या पतंगाला बांधलेल्या दोन दोऱ्यांसाठी, खिळ्यांची पाटी करा. नीट उडणाऱ्या एका पतंगाची कन्नी सोडून मोजा: वरचा दोरा, खालचा दोरा आणि गाठ. पाटीवर त्या मापाने तीन खिळे ठोका. खिळ्यांची डोकी कापून कानसा, म्हणजे दोरा पटकन निघतो. वरच्यापेक्षा खालचा दोरा सेंटिमीटरभर लांब ठेवून सुरुवात करा. पतंग वर चढत नसेल, नुसता मागे ओढून उभा राहत असेल तर खालचा अर्धा सेंमी वाढवा.

कागद कापायला ४० सेंमीचा हार्डबोर्डचा साचा पुरे. एका वेळी चारच ताव. जास्त घेतले की खालचे सरकतात आणि चौकोन तिरका होतो. चौकोन तिरका असेल तर कमान कितीही तोलून लावा, पतंग सरळ उडणार नाही. दोन्ही कर्ण मोजून बघा, ५६.५ सेंमीच्या आसपास सारखे आले पाहिजेत.

लई: एक चमचा मैदा, सहा चमचे पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. टिकावी म्हणून काही जण मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलं हाताळणार असतील तर अजिबात नको, रोज ताजी करा. लई काडीला लावा, कागदाला नाही. ओला कागद ताणतो आणि वाळल्यावर काडीशेजारी सुरकुत्या पडतात.

आणि दोरा साधी सद्दीच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे. मुलांच्या हाती तो जाऊ नये एवढं बघा.

---

गच्चीवरून

फारच कामाची माहिती, आभार. एक राहिलं: बांबू ओलाच आहे, हिरवा. आधी वाळवू का आधी चिरू?

---

आठवा_मैल

आधी चिरा. ओला बांबू सरळ फाकतो, वाळलेला तडकतो. चिरलेल्या काड्या पोट आतल्या बाजूला अशा जोडीजोडीने बांधा, म्हणजे वाळताना वाकणार नाहीत, आणि सावलीत आठ-दहा दिवस ठेवा. उन्हात ठेवल्या तर पोटाची बाजू आधी आखडते आणि काड्या धनुष्य होतात. खरवडणं आणि नाणी टांगणं वाळल्यानंतरच. ओली काडी जास्त वाकते, वाळली की ताठ होते, त्यामुळे आज जुळवलेली दोन अंगं आठवड्याने जुळलेली नसतात.

बुरडाकडे जून बांबू मागा, तीन वर्षांवरचा. कोवळा मऊ असतो आणि त्याला भुंगा लवकर लागतो. आणि पंचवीस पतंगांना पस्तीस-चाळीस कमानी चिरून ठेवा, वाकमापणीत काही बाद होतातच.

---

लाकूडकाम_इतवारी

त्यात भर: पातं दर दहा-बारा काड्यांनंतर एक कप्पा तोडून नवं करा. बोथट पात्याखाली भुकटी पडते, धारदार पात्याखाली लांब कुरळ्या ढलप्या. भुकटी दिसली की बदला.