मदत हवी आहे: पॅरिसमध्ये शिकताना संग्रहालयं, ऑपेरा, सिनेमा कमी पैशांत कसे पाहावेत?

वरणभात_पॅरिस:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरपासून दोन वर्षं पॅरिसला मास्टर्स. वय २५, जानेवारीत २६ पूर्ण होतील. विद्यार्थ्यांचा लाँग-स्टे व्हिसा आहे, फ्रेंच जेमतेम. हिंडण्या-बघण्यासाठी महिन्याला ६० युरो निघतील. संग्रहालयांबद्दल कुठे ‘२६ खालच्यांना फुकट’ लिहिलंय, कुठे ‘फक्त युरोपियनांना’. नक्की काय? आणि ऑपेरा बघायचाच आहे.

दगडी_पायरी:
तुमच्या बाबतीत सगळं गणित वाढदिवसाशी अडलंय. लुव्र, ऑर्से, गिमे ही सरकारी संग्रहालयं १८ ते २५ वयाच्या युरोपातल्या *रहिवाशांना* फुकट आहेत. पासपोर्ट भारतीय असला तरी तीन महिन्यांहून मोठा व्हिसा असला की तुम्ही रहिवासी. म्हणून जानेवारीपर्यंत संग्रहालयं उरका. ऑपेराच्या सवलती २८ पर्यंत चालतात, तो पळून जात नाही.

दारावर बहुतेक जण अडकतात ते नुसतं कॉलेजचं ओळखपत्र दाखवल्यामुळे. त्यावरून रहिवास सिद्ध होत नाही. व्हिसाचं पान असलेला मूळ पासपोर्ट न्या. पोहोचल्यापासून तीन महिन्यांत व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो, त्याची पावतीही छापून जवळ ठेवा.

फुकट असलं तरी लुव्रसाठी वेळेचं शून्य युरोचं तिकीट आधी काढा. मंगळवारी बंद, बुधवार आणि शुक्रवार रात्री ९ पर्यंत उघडं. ऑर्से सोमवारी बंद, गुरुवारी ९:४५ पर्यंत. पाँपिदू हे आधुनिक कलेचं संग्रहालय यादीतून खोडा, इमारत दुरुस्तीसाठी २०३० पर्यंत बंद आहे.

खडू_फळा:
+१. लुव्र एका दिवसात ‘करायला’ जाऊ नका, पायांचे तुकडे पडतात. फुकटच आहे तर दर खेपेला एकच विभाग. मोनालिसाच्या दालनात गर्दीच्या डोक्यांपलीकडे फारसं काही दिसत नाही. त्यापेक्षा रिशल्यू विंगमध्ये दालन २२७ गाठा. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांची संहिता तिथे आहे: माणसाहून उंच काळा दगड, वर राजा आणि देव, खाली बारीक कीलाक्षरांच्या ओळी. चारही बाजूंनी फिरून बघता येतो.

तिसरी_घंटा:
ऑपेराचं बघू. दोन इमारती आहेत, गार्निए (१८७५) आणि बास्तीय (१९८९). पहिल्यांदा ऑपेरा *बघायला* बास्तीयला जा, तिथे जवळपास कुठूनही रंगमंच दिसतो. गार्निएचं सभागृह घोड्याच्या नालासारखं. बाजूच्या बॉक्समधल्या मागच्या रांगेचं तिकीट स्वस्त असतं, कारण तिथून अर्धा रंगमंचच गायब. रंगमंचाच्या वरच्या पट्टीवर गाण्यांचे शब्द लिहून येतात, तेही दिसत नाहीत, म्हणजे कथा कळायची बोंब. तिकिटावर दृश्यमर्यादेची सूचना असते, ती वाचूनच पैसे भरा. शागालने रंगवलेलं छत बघण्यासाठी मात्र गार्निए हवंच.

२८ खालच्यांसाठी काही निर्मितींचे पूर्वप्रयोग १० युरोत असतात. ते झटपट संपतात, तेव्हा संकेतस्थळावर खातं आधीच उघडून ठेवा आणि जाताना वयाचा पुरावा घ्या. फ्रेंचची काळजी नको, पट्टीवर इंग्रजीही येतं.

वरणभात_पॅरिस:
खूप आभार! आणि जानेवारीनंतर लुव्र वगैरे?

दगडी_पायरी:
जुलै-ऑगस्ट सोडून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर लुव्र सगळ्यांना फुकट, पण नोंदणी हवी. ऑर्से पहिल्या रविवारी. पैसे देऊन जायचं झालं तरी व्हिसा विसरू नका: जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांना लुव्र ३२ युरो, रहिवाशांना २२. महापालिकेच्या कार्नावाले आणि पती पॅले इथले कायमचे संग्रह तर कुठल्याही वयाला फुकट. पॅरिसचा इतिहास समजायला कार्नावालेपासूनच सुरुवात करा असं मी म्हणेन.

पडदा_वर:
सिनेमाचं: वेळापत्रकात ‘व्हीओ’ म्हणजे मूळ भाषेत, ‘व्हीएफ’ म्हणजे फ्रेंच डबिंग. हे न बघता तिकीट काढलं की इंग्रजी सिनेमा फ्रेंचमध्ये ऐकत बसावं लागतं. नवे सिनेमे बुधवारी लागतात. जुने बघायचे तर लॅटिन क्वार्टरमधली शाँपोलियाँ गल्ली, एकाच गल्लीत तीन थिएटरं.

नोत्र दाम हे मोठं चर्च २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं. प्रवेश फुकट आहे, ‘प्रवेशाचं तिकीट’ विकणाऱ्या साइटना पैसे देऊ नका. आणि सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार मोकळा ठेवा. त्या दोन ‘वारसा दिनांना’ एरवी बंद असलेल्या सरकारी इमारती उघडतात. काहींना आधी नोंदणी लागते.

तिसरी_घंटा:
एक राहिलंच. शेवटची मेट्रो साधारण सव्वाला, शुक्रवार-शनिवारी सव्वादोनला. लांबलचक ऑपेरा शक्यतो त्या दोन रात्रींना घ्या. बाकीच्या रात्री चुकलीच तर नॉक्टिलियन ही रात्रीची बस असते, पण ती कधी कधी अर्धा-एक तास थांबायला लावते.