मदत हवी आहे: दुसऱ्या राउटरला केबल वॅन पोर्टात की लॅन पोर्टात?

मुख्य राउटर बाहेरच्या खोलीत आहे. आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही, म्हणून जुना राउटर तिथे ठेवून दोन्हींमध्ये कॅट ६ केबल टाकली आहे, साधारण १५ मीटर.

आधी मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून (घरातल्या वस्तू जोडायचा) जुन्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घेणारा, निळा; बाकीचे चार पिवळे लॅनचे) केबल लावली. नेट लगेच चालू झालं, पण आतल्या लॅपटॉपला बाहेरच्या वायफायवरचा प्रिंटर दिसेना. दोन वेगळी नेटवर्क झाली, एवढं कळलं.

मग जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला (मुख्य १९२.१६८.१.१ वर आहे), त्यातलं डीएचसीपी (जोडलेल्या वस्तूंना पत्ते वाटणारी सोय) बंद केलं आणि केबल पिवळ्या पोर्टात लावली. आता प्रिंटर दिसतो, नेटही नीट चालतं. म्हणजे काम झालं म्हणायचं, पण एक पिवळा पोर्ट या केबलनेच अडवला. मला आत चार वस्तू तारेने जोडायच्या आहेत आणि निळा पोर्ट मात्र रिकामा बसून आहे!

जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (वेगळं नेटवर्क न करता मुख्य राउटरचंच नेटवर्क पुढे देणं) असा पर्याय नाही. फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) शेवटचंच आहे, दुसरं टाकायची हिंमत नाही. केबल बदलून पाहिली, त्यात दोष नाही. वेगळा नेटवर्क स्विच (जादा लॅन पोर्ट देणारा डबा) घेता येईल, पण त्या कोपऱ्यात प्लगला जागा उरलेली नाही.

तर ॲक्सेस पॉइंट मोड नसताना निळा पोर्ट लॅनसारखा वापरता येतो का? 'ब्रिज' नावाचा एक पर्याय वॅनच्या पानावर दिसतो, तो यासाठीच असतो की भलत्याच कामाचा?