इटालियन क्लबांनी अमेरिकेतला फुटबॉल जगवला की कोंडून ठेवला?

गोलपोस्टमागचा
परवा इथं कुणीतरी ठोकून दिलं, की १९९६ ला एमएलएस (अमेरिकेची व्यावसायिक फुटबॉल लीग) सुरू झाली आणि मग अमेरिकेत फुटबॉल आला. काहीही! त्याआधीपासून इटालियनांसारख्या स्थलांतरितांचे हौशी क्लब खेळत होतेच की.

जिनो गार्दासानिच घ्या. जन्म १९२२, फियुमे. तेव्हा स्वतंत्र संस्थान, १९२४ ला इटलीत गेलं, आता क्रोएशियात. १९४९ ला अमेरिकेत आला आणि पुढच्याच वर्षी 'जिनो गार्ड' नावानं ब्राझीलच्या विश्वचषकाला अमेरिकेच्या संघात, गोलकीपर म्हणून. खेळायला मात्र एकही सामना मिळाला नाही, कारण पहिला गोलकीपर होता फ्रँक बोर्गी, सेंट लुईसच्या 'द हिल' या इटालियन वस्तीतला. पोटासाठी शववाहिका चालवणारा गडी. चेंडूला लाथ मारायच्या भानगडीत फारसा पडायचाच नाही. बेसबॉलचा हात, सरळ लांब फेकायचा. २९ जून १९५० ला याच संघानं बेलो होरिझोन्तेला इंग्लंडला १-० नं हरवलं. पगारी कोण होतं सांगा यात? पोटापाण्याचं बघून खेळणारी माणसं सगळी.

रोखठोक_नाना
झालं, निघाला १९५० चा सामना! पुढचंही लिहा की. त्यानंतर अमेरिका विश्वचषकात दिसली ती थेट १९९० ला. मधली ४० वर्षं तुमचे हेच क्लब होते ना? काय दिवे लावले?
आणि नावं तर बघा. १९७६ च्या यूएस ओपन कपची (अमेरिकेतल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) फायनल: सॅन फ्रान्सिस्कोचा इटालियन अ‍ॅथलेटिक क्लब विरुद्ध न्यूयॉर्कचा इंटर-जुलियाना. शेजारच्या आयरिश किंवा काळ्या पोराला हे आपलं कसं वाटणार? गाववाल्यांचं मंडळ होतं ते, गाववाल्यांपुरतं.

गोलपोस्टमागचा
नाना, जिनो गार्ड शिकागोत कुणाकडून खेळला माहितीये? स्लोव्हाक क्लबकडून. इटालियन माणूस, स्लोव्हाकांचा गोल सांभाळतोय. कुंपण एवढं उंच नव्हतं.
४० वर्षांचं म्हणाल, तर पेले आणि इटलीचा किनालिया यांच्यासारखे स्टार आणणारी, पैसा ओतणारी एनएएसएल ही व्यावसायिक लीग १९८४ च्या हंगामानंतर बसली. न्यूयॉर्कचा हौशी क्लब ब्रुकलिन इटालियन्स १९४९ पासून होते, आणि १९९१ ला ओपन कप जिंकून गेले. टिकलं कोण?

जर्सीकर
दोघांचं चालू द्या, पण आजचं बोला. मुलगा इथं अमेरिकेत क्लबकडून खेळतो. फी हजारांत, किट वेगळं, बाहेरगावच्या टूर्नामेंटला हॉटेल वेगळं. आमच्यासारख्या आयटीवाल्यांना झेपतं. त्याच्याच वर्गातला एक मेक्सिकन पोरगा याच्यापेक्षा दुप्पट चांगला खेळतो, पण क्लबात नाही. त्यापेक्षा जुन्या क्लबांचे वर्गणीवाले म्हातारे परवडले म्हणायचे.

रोखठोक_नाना
जर्सीकर, फी आहे म्हणून कोचला पगार आहे. रविवारी हौसेनं शिट्टी वाजवणाऱ्या काकांच्या हाताखाली पुलिसिकसारखा अमेरिकेचा स्टार खेळाडू तयार होत नाही.

गोलपोस्टमागचा
हा हा, पुलिसिकच निवडलात? आजोबा क्रोएशियाच्या ओलिब बेटावरचे. त्यांच्यामुळे क्रोएशियन नागरिकत्व मिळालं, म्हणून तर १८ चा व्हायच्या आधी जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबकडून खेळू शकला. नाहीतर १८ च्या आतल्या परदेशी खेळाडूंवरच्या नियमात अडकला असता. स्थलांतरितांशिवाय तुमचं उदाहरणही पुरं होत नाही, नाना.

रोखठोक_नाना
आजोबांचा पासपोर्ट हा हौशी क्लबांचा पराक्रम कधीपासून झाला?