साबुदाण्याच्या स्टार्चपासून सर्फॅक्टंट: फेसच येत नाही

परळकरीण: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी सर्फॅक्टंट (साबणासारखा, तेल-पाणी एकत्र धरणारा पदार्थ) बनवतेय. त्यासाठी टॅपिओका म्हणजे साबुदाण्याच्या स्टार्चवर ऑक्टेनिल सक्सिनिक अॅनहायड्राइड (स्टार्चला तेलकट शेपूट जोडणारं रसायन) लावतेय. स्टार्चच्या ३ टक्के, एकदम ओतलं. पीएच ८.५ वरून ५ वर कोसळला. भांडी घासायचं लिक्विड करायचं होतं, पण फेस नाहीच. कुठे चुकतंय?

मुलुंडचे काका: बाळा, एकदम ओतलंस तिथेच चुकलं. बरंचसं अॅनहायड्राइड पाण्याशीच लागलं आणि आम्ल झालं. दोन तासांत थेंबथेंब घाल, सोबत कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण. पीएच ८ ते ८.५, तापमान ३५ अंशांच्या आसपास. फार तापवू नकोस, खळ होते. माझी एक अख्खी बॅच अशीच गाळणीत चिकटून बसली होती, अजून जीव हळहळतो. आणि फेसाची आशा सोड. हा स्टार्चचा रेणू अवाढव्य, तेलाच्या थेंबाभोवती कवच धरतो. शेंगदाण्याचं तेल घालून घुसळ, मग बघ.

रसायनी_७: फेसच हवा तर अल्किल पॉलीग्लुकोसाइड हा दुसरा सर्फॅक्टंट कर. स्टार्चपासून ग्लुकोज, खोबरेल तेलापासूनचं फॅटी अल्कोहोल, आम्ल उत्प्रेरक. निघणारं पाणी व्हॅक्यूमने ओढत राहायचं. निसर्गात त्याचं सहज विघटन होतं.

परळकरीण: काका, थेंबथेंब घातलं. तेल सकाळपासून वेगळं झालेलं नाही!